ढाल तोंडाकडे वाकावी

ज्या वस्तूमुळे माणसाचा जीव वाचतो, त्या वस्तूपासून त्याला वाचवायला समिती लागते, हे प्रगत समाजाचे पहिले लक्षण आहे. फोमच्या तलवारी आणि ढाली घेऊन लढणाऱ्या मंडळाकडे चौदा वर्षे अशी समिती नव्हती. त्या काळात फक्त एक अपघात झाला. एका खेळाडूचे नाक सभागृहाच्या दारावर आपटले. दाराला मानके लावणे मंडळाच्या अखत्यारीत नव्हते, म्हणून ती ढालींना लावायचे ठरले.

काम तपासनीसांकडे आले. तीस वर्षे लिफ्टना सुरक्षिततेचे दाखले देऊन ते निवृत्त झाले होते (स्वतः मात्र जिन्याने जात). त्यांनी खपून सत्तेचाळीस पानांचा मसुदा लिहिला. ढाल किती जाड असावी, कडेला किती मऊ असावी, दाबल्यावर किती अंशांत वाकावी, सगळे आले. कलम एकतीसमध्ये तर त्यांनी जीव ओतला होता: 'आघात झाल्यास ढाल धारकाच्या तोंडाकडे वाकू नये.' टंकलेखिकेने 'वाकावी' असे टंकले. तिला दोष देता येणार नाही. आधीची तीस कलमे 'असावी', 'वाकावी' अशीच संपत होती. हाताला वळण लागले होते.

समितीने मसुदा चार मिनिटांत एकमताने मंजूर केला. त्यातली तीन मिनिटे चहाची.

छापील प्रतीतल्या 'वाकावी'खाली तपासनीसांनी लाल रेघ ओढली. ते अध्यक्षांकडे गेले. अध्यक्षांचे गाद्यांचे दुकान होते, त्यामुळे फोमच्या बाबतीत त्यांचा शब्द अखेरचा. त्यांनी शांतपणे समजावले की दुरुस्तीला वार्षिक सभा लागते आणि ती गेल्याच आठवड्यात झाली. शिवाय मजकूर चुकीचा असता तर तो मंजूर कसा झाला असता? तपासनीसांनी मान डोलावली. नोकरीतही असल्या प्रश्नांवर त्यांनी कायम मानच डोलावली होती, म्हणूनच पेन्शन सुरळीत चालू होते.

स्पर्धेच्या सकाळी अठरा खेळाडू तपासणीच्या रांगेत उभे राहिले. सहावी तपासनीसांची मुलगी. तिने तीन महिने राबून ढाल केली होती. आत प्लॅस्टिकची पातळ पाठ, वर फोमचे तीन थर. कडा लवायच्या, मधला भाग ताठ राहायचा. थोडक्यात, ती ढाल होती.

तपासनीसांनी ती दाबली, कोनमापक लावला. तोंडाकडे वाक: शून्य अंश.

"नापास," ते म्हणाले.

"बाबा, अशी करायला तुम्हीच शिकवलंत मला."

"कलमात बसत नाही गं."

मुलीने वाद घातला नाही. कटर आणला आणि ढालीची पाठ कापून काढायला बसली. पाते सटकू नये म्हणून तपासनीसांनी दुसऱ्या बाजूने ढाल घट्ट धरून ठेवली. पाठ निघाल्यावर ढाल ओल्या गोधडीसारखी मान टाकून पडली आणि पास झाली.

स्पर्धेचा अहवाल मंडळाच्या इतिहासात सर्वोत्तम ठरला. प्रतिस्पर्ध्याच्या तलवारीने जखमी: शून्य. स्वतःच्या ढालीचा तोंडावर फटका बसून जखमी: अठरा. मानकांचे पालन: शंभर टक्के. अध्यक्षांनी तपासनीसांना शाल दिली.

घरी मुलगी नाकाला बर्फ लावून बसली होती. तपासनीस शाल काखोटीला मारून समोर उभे राहिले.

"तुम्हाला आधीच माहीत होतं ना?" तिने विचारले.

"हो."

"मग बोलला का नाहीत?"

त्यांनी शालीची घडी नीट केली. "तुम्ही सगळ्यांनी सह्या केल्या होत्या," ते म्हणाले.

हे मात्र खरे होते. प्रवेशपत्राच्या तळाशी बारीक अक्षरांत एक ओळ होती: 'मी मानके वाचली, मला समजली व ती मान्य आहेत.' त्याखाली अठरा सह्या, एकीपेक्षा एक ठसठशीत. मुलीने बर्फ नाकाच्या दुसऱ्या बाजूला धरला आणि विषय संपला.

सुज्ञ वाचकांना या अठरा जणांचे हसू आले असल्यास हरकत नाही. वाचकांनीही अशा ओळीखाली आजवर पुष्कळ वेळा होकार दिलेला आहे. किती वेळा, ते आठवले नाही तरी चालेल. होकार कशाला दिला होता, एवढेच सांगावे.