तुळसाची पाटी, शुभदाची पाटी

खालचीवाडीत सरकारी नियमानुसार प्रौढ स्त्रियांचा साक्षरता वर्ग चालू होता, आणि तो खरोखरच चालू होता, ही पहिली अनियमितता. मॅट्रिक झालेली शुभदा रोज दुपारी देवळाच्या मंडपात तीस बायकांना मुळाक्षरं शिकवी. त्या मानधनावर तिची आणि अंथरुणाला खिळलेल्या तिच्या आईची पेज शिजे.

१९८४च्या माघात वाडीपर्यंत रोजगार हमीचा कायदा पोचला. जो अंगमेहनतीचं काम मागेल त्याला ते द्यायचंच, असा तो कायदा. बायकांनी मागितलं, सरकारनं दिलं. बंदराकडे जाणारा रस्ता सुरू झाला आणि वर्ग रिकामा झाला. सर्वांत शेवटी उठली ती तुळसा.

"बाय, 'ग गवताचो' माका कळलो," ती म्हणाली. "पण गवत खावन पोट भरणा नाय. मी माती उचलूक जातंय."

शिक्षण खात्याचे पर्यवेक्षक तपासणीला आले, तेव्हा मंडपात शुभदा आणि एक शेळी होती.

"लाभार्थी कुठं आहेत?"

"रस्त्यावर, साहेब."

"मग वर्ग रस्त्यावर न्या. एका योजनेमुळे दुसरीचं नुकसान होता कामा नये, असं परिपत्रकच आहे."

वर्ग रस्त्यावर गेला. जेवणाच्या सुट्टीत बायका मातीची पाटी खाली ठेवून लिहायची पाटी हातात घेत. शुभदा मन लावून शिकवी. त्यामुळे व्हायचा तो अनर्थ झाला. सगळ्या सही करू लागल्या.

पूर्वी हजेरीला तीस अंगठे चुटकीसरशी उठत. आता प्रत्येक बाई स्वतःचं नाव, नवऱ्याचं नाव आणि आडनाव काना-मात्रेसह लिही, मान तिरकी करून बघे, आणि वेलांटी आवडली नाही तर खोडून पुन्हा लिही. हजेरी संपेपर्यंत ऊन डोक्यावर येई.

"तुळसा, आटप गो!" मुकादम दाजी ओरडे. "रस्तो करूचो आसा, लग्नाची पत्रिका नाय!"

"लिवंदे ओ, दाजी. जन्मात पयल्यांदा माजां नाव माका दिसता."

रस्ता पुढे सरकेना. साक्षरतेमुळे रोजगारात अडथळा येतो, अशी तक्रार बांधकाम खात्यानं शिक्षण खात्याकडे केली. तालुक्याला बैठक भरली. ज्या अर्थी सगळ्या सही करतात, त्या अर्थी साक्षरता पूर्ण झाली; सबब वर्ग बंद. आणि ज्या अर्थी रस्ता व्हायला हवा, त्या अर्थी हजेरीला यापुढे अंगठाच उठवावा. शुभदाचा शाल-नारळ देऊन सत्कार झाला. शाल कार्यालयाची असल्यामुळे परत घेतली. नारळ तेवढा तिला मिळाला.

नारळावर किती दिवस काढणार? शुभदा रोजगार हमीत नाव द्यायला गेली.

"शिक्षण?" कारकुनानं विचारलं.

"मॅट्रिक."

"मग जमणार नाही. हमी अकुशल कामाची आहे."

"मला माती उचलता येते."

"उचलाल हो. पण मॅट्रिक असून उचलाल! अकुशल असल्याचा दाखला आणा."

असा दाखला कोण देतं, हे कुणालाच ठाऊक नव्हतं. शुभदा पर्यवेक्षकांकडे गेली, तर त्यांना ती देवासारखी भेटली. नव्या वर्षाचं निरक्षरांचं उद्दिष्ट आलं होतं, आणि खालचीवाडीत औषधालाही निरक्षर उरला नव्हता.

"बाई, तुम्हीच वर्गात नाव घाला," ते म्हणाले. "वर्गात नाव म्हणजे निरक्षर. निरक्षर म्हणजे अकुशल. दोन्ही खात्यांचं काम होईल."

"आणि शिकवणार कोण?"

"गावातली साक्षर स्त्री. ती तुळसा आहे ना? तिला प्रमाणपत्र आपणच दिलंय."

तुळसा शिक्षिका झाली. रस्त्यावरची तिची रिकामी जागा शुभदाला मिळाली.

पहिल्या सकाळी शुभदानं हजेरीपटावर वळणदार सही केली. दाजीनं पट ओढून घेतला.

"अगो बाय, ह्यां काय केलंस? निरक्षर मा तू? अंगठो लाव!"

शाईनं काळा झालेला अंगठा मुठीत लपवून ती दिवसभर माती वाहत राहिली. संध्याकाळी आईनं विचारलं, तेव्हा काजू सोलताना काजीचो चीक लागलो, असं तिनं सांगितलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी तुळसा पाटी घेऊन तिच्यासमोर बसली आणि तिचे डोळे भरून आले.

"तुमका मी काय शिकवू, बाय?"

"शिकव गो. साहेब इले, की मी चुकतंय."

साहेब आले. कागदावर निरक्षर झालेली बाई आता त्यांनाही निरक्षरच दिसत होती. शुभदानं 'कमळ'चं 'कळम' लिहिलं. साहेबांनी ते मायेनं दुरुस्त केलं.

"हुशार दिसते ही," ते तुळसाला म्हणाले. "लवकरच सही करायला लागेल."

शुभदा साक्षर ठरली तर काम जाणार होतं. त्या दिवसापासून तिनं जिवाच्या करारानं न शिकायला सुरुवात केली, आणि पावसाळ्यापर्यंत ती 'अ'च्या पुढे गेली नाही. तिची चिकाटी पाहून पर्यवेक्षकांनी वर्गाला मुदतवाढ दिली.

वर्गात अजून बऱ्याच जागा रिकाम्या आहेत. इच्छुकांनी तुळसाबाईंना समक्ष भेटावं. फक्त हे इथवर वाचलंत, एवढं तिथं कुणाला कळू देऊ नका.