हवेचा डबा संपला त्या दिवशी

दुपारच्या जेवणानंतर फूटपट्टीचा कॉम्प्युटर पुन्हा बंद पडला. आधी आतला पंखा घरघरला, मग विमान उडायला निघाल्यासारखा चढत गेला, आणि एका दवाखान्याच्या जिन्याचा नकाशा अर्ध्यावर असताना पडदा काळाठिक्कर पडला.

फूटपट्टी हे त्याचं ऑफिसातलं नाव. माणूस उंच, शिडशिडीत, त्यात इमारतींचे नकाशे काढणारा. हे नाव कुणी ना कुणी ठेवणारच होतं. संध्याकाळपर्यंत तो जिना पाठवला नाही, तर उद्या सकाळी गवंडी कामावर येऊन हातावर हात धरून बसणार होते.

"धूळ साचली असेल आत," आतल्या खोलीतून बायको म्हणाली. "कधीपासून सांगतेय, साफ कर म्हणून."

"आत्ता करतो," असं म्हणून त्यानं कपाटातला, धूळ उडवायचा हवेचा डबा काढला. डब्याची बारीक नळी रोखली, बटण दाबलं. डब्यानं 'फुस्स' केलं आणि प्राण सोडला. दुकानात फोन केला, तर माल पुढच्या आठवड्यात येणार होता.

हे सगळं त्याचे वडील दारात उभे राहून बघत होते. बाबा शाळेत व्यायाम शिकवून निवृत्त झाले होते, पण गळ्यातली शिटी तेवढी निवृत्त व्हायची राहिली होती.

"हवा डब्यात भरून विकतात?" त्यांनी विचारलं.

"हो बाबा."

"आणि ती संपते?"

"संपते."

बाबांनी उघड्या खिडकीकडे एकदा नीट पाहून घेतलं. "सरक बाजूला," ते म्हणाले.

फूटपट्टीनं वायर काढून झाकण उघडलं होतं. आत पंख्यावर राखाडी रंगाची अशी गादी जमली होती, की एखाद्या मांजरीनं खुशाल बाळंतपण उरकावं. बाबांनी छाती भरून घेतली आणि हजारो मुलांना मैदानाच्या टोकाला ऐकू जाणारी फुंकर त्या गादीवर मारली. गादी जागची हलली नाही. वरचा सगळा थर मात्र उलटून बाबांच्या चष्म्यावर येऊन बसला.

"थुंकी उडते बाबा, आत ओल जाईल!"

"मग कोरडी हवा आण," डोळे मिटूनच बाबा म्हणाले.

फूटपट्टीनं मोबाईलवर शोधलं. जगात हवेचा डबा संपलेली माणसं पुष्कळ होती आणि सगळी सल्ला द्यायला मोकळी होती. एक म्हणे केस वाळवायचं यंत्र वापरा, पण थंड हवेवर. त्यानं ते आणलं, आणि घाईत बटण गरम हवेवर सरकवलं. आधीच तापलेल्या यंत्राला शेक मिळाला. जी धूळ उडाली ती दोरीवर वाळत घातलेल्या पांढऱ्या चादरीवर जाऊन पसरली. बाबांनी ती चादर कुणी बघायच्या आत शांतपणे उलटी करून टाकली.

दुसरा म्हणे, व्हॅक्यूम क्लीनर चुकूनही लावू नका. फूटपट्टी म्हणाला, "लांबूनच धरतो." त्यानं लांबूनच धरला. टेबलावर काढून ठेवलेला झाकणाचा स्क्रू 'टक्' आवाज करून नळीत गडप झाला. मग बाप-लेक खाली वर्तमानपत्र पसरून बसले आणि क्लीनरची पिशवी उपसू लागले. पिशवीत एक कानातलं सापडलं, बाबांची औषधाची गोळी सापडली आणि कुणाचा कोण जाणे, एक दातही सापडला. स्क्रू सगळ्यात शेवटी.

"सायकलचा पंप," बाबा एकाएकी उठून म्हणाले.

आणि खरं सांगायचं तर, पंपानं बाजी मारली. फूटपट्टीनं एका हातानं पंख्याची पाती धरली, म्हणजे ती गरगर फिरून मोडायला नकोत. दुसऱ्या हातानं नळी रोखली. बाबांनी शिटी तोंडात धरून पंप मारायला घेतला. फुर्र, धप्प. फुर्र, धप्प. धुळीचे लोट खिडकीबाहेर निघाले. या वयात बापाचे खांदे असे चालताना बघून फूटपट्टी हातातली नळी क्षणभर विसरलाच.

"बघतोस काय? रोख!"

आता राहिली फक्त पात्यांच्या बेचक्यात चिकटलेली धूळ. 'तिथे कोरडा, अतिशय मऊ ब्रश फिरवावा,' असं मोबाईल सांगत होता. घरात दात घासायचे ब्रश होते, ते ओले. रंगाचा एक होता, तो खराट्यासारखा. आणि बाहेरच्या खोलीत बायकोची पेटी उघडी होती. बायको अंघोळीला गेली होती.

त्या पेटीबद्दल सांगायला हवं. फूटपट्टीची बायको नाटकातल्या नटांची रंगभूषा करायची. त्या संध्याकाळी नव्या नाटकाचा पहिला प्रयोग होता, आणि मुख्य नटाचा चेहरा पहिल्यांदाच तिच्या एकटीच्या हाती दिला होता. या नटाला कंपनीत सगळे 'मालक' म्हणत. कंपनी दुसऱ्याची होती, पण तो खरा मालकही यांना 'मालक'च म्हणायचा. भूमिका होती लेक दुरावलेल्या, थकल्या म्हाताऱ्याची. आणि मालकांना गाल हवे होते गुलाबी. "लोक मला बघायला येतात, आजाराला नाही," असं सांगून त्यांनी आधीच्या दोन रंगभूषाकारांना घरी पाठवलं होतं. दिग्दर्शकानं तर त्यांच्यापुढे हात टेकले होते.

पेटीतला सगळ्यात जाड, सगळ्यात मऊ ब्रश फूटपट्टीनं उचलला. तो पात्यांच्या बेचक्यांतून असा फिरला, की धूळ लोण्यासारखी निघाली. झाकण लागलं, वायर जोडली, यंत्र सुरू झालं. पंख्याचा आवाजच येईना. बाप-लेकांनी कान लावून ती शांतता ऐकली. मग फूटपट्टीनं ब्रश दोनदा झटकला, होता तिथे ठेवला, आणि देवाशप्पथ, नंतर धुवायचाच असं ठरवून जिन्याच्या नकाशात बुडून गेला.

जिना पाठवून त्यानं हात झाडले तेव्हा बाहेर अंधारून आलं होतं. बाहेरच्या खोलीत आला, तर पेटीची जागा रिकामी.

"बाबा, ही गेली?"

"केव्हाच. तुला सांगून गेली. तू 'हं' म्हणालास."

फूटपट्टी चप्पल घालून धावला ते थेट नाट्यगृहाच्या मागच्या दारातून रंगपटात शिरला. आत मालक आरशासमोर बसले होते. गळ्याभोवती पांढरं फडकं, डोळे मिटलेले. आणि गुलाबी गालांच्या जागी, कपाळापासून हनुवटीपर्यंत, एक करडी, विझलेली, कितीतरी वर्षं दार न उघडलेल्या घरासारखी छटा पसरली होती.

बायकोनं वळून नवऱ्याकडे पाहिलं. मग हातातल्या ब्रशकडे. मग पुन्हा नवऱ्याकडे. त्याला दाराबाहेर ओढत ती दबक्या आवाजात म्हणाली, "काय आहे हे?"

"धूळ. कॉम्प्युटरच्या पंख्यातली. मी धुणार होतो गं, खरंच..."

"तेल-बिल? ग्रीस?"

"नाही. कोरडी आहे. अगदी कोरडी."

"पुसून पहिल्यापासून करायचं म्हटलं तर वेळ नाही." तिनं दाराच्या फटीतून मालकांकडे पाहिलं. नीट निरखून पाहिलं. फूटपट्टी बोलणी खायला मान खाली घालून उभा होता, पण ती नुसतीच म्हणाली, "तू इथेच थांब. आणि कशाला हात लावू नकोस."

मग त्यानं जे पाहिलं, ते तो पुढे कितीतरी दिवस ऑफिसात ज्याला-त्याला सांगत राहिला. तिनं ओल्या कापसानं मालकांचे डोळे, नाक, ओठ स्वच्छ केले. ती करडी छटा तिनं स्वतःच्या डब्यांतल्या भुकट्या मिसळून तळहातावर जुळवली आणि पुसलेल्या जागी अशी भरली, की सांधा दिसेना. गालाखाली बोटानं एक सावली ओढली, तर गाल आत गेला. भुवईचं टोक खाली वळवलं, तर उभा जन्म वाट बघितलेला माणूस समोर बसला. फूटपट्टीला एक सरळ रेघ मारायला यंत्र लागायचं. ही बाई नुसत्या बोटांनी माणसाचं वय बांधत होती. इतकी वर्षं एका घरात राहून हे आपण कधी बघितलंच नाही, हे कळून त्याला लाज वाटली आणि ऊरही भरून आला.

मालकांनी डोळे उघडले. आरशात पाहिलं. फूटपट्टीनं श्वास रोखला. दिग्दर्शक दारात येऊन खिळल्यासारखा उभा राहिला.

मालक उठले. फडकं काढून ठेवलं आणि रंगमंचाकडे चालू लागले. चालसुद्धा बदलली होती.

प्रयोग असा रंगला की पडदा पडल्यावर प्रेक्षकांना टाळ्या वाजवायचं सुचेना. सुचलं तेव्हा मग थांबायचं सुचेना. लोक रंगपटात घुसले, दिग्दर्शकानं मालकांना मिठी मारली, "काय चेहरा लावलात!" असं जो तो म्हणू लागला. गर्दी ओसरल्यावर बायकोनं पदराआड लपवलेला ब्रश पुढे केला.

"मालक, एक सांगायचंय. तुमच्या चेहऱ्याला आज जे लागलं ते..."

"धूळ होती," मालक म्हणाले.

कोपऱ्यात फूटपट्टीनं भिंतीचा आधार घेतला.

"अहो, उभा जन्म रंगमंचावर गेला माझा. पडदे, पेट्या, जुने अंगरखे. धुळीचा वास मला कळणार नाही? ब्रश पहिल्यांदा फिरला तेव्हाच ओरडणार होतो. म्हटलं, एकदा आरशात बघू, मग ओरडू." ते खुर्चीत मागे टेकले. "डोळे उघडले तर समोर माझे वडील. शेवटच्या दिवसांतले. तेव्हा मी गावोगाव प्रयोग करत हिंडत होतो, भेटायचं राहून गेलं. आज दोन तास त्यांच्याबरोबर काढले मी. म्हणून पुसलं नाही."

बायकोनं हळूच कापूस आणि मलम पुढे घेतलं आणि ती त्यांचा चेहरा उतरवू लागली. जुना चेहरा निघून गुलाबी चेहरा वर येईपर्यंत मालक डोळे मिटून बसले होते.

"उद्यापासून हेच करा बाई," ते म्हणाले. "गुलाबीचं नाव काढू नका. कुणी कुरकुर केली तर माझ्याकडे पाठवा."

"हो मालक."

"फक्त," एक डोळा उघडून त्यांनी कोपऱ्यातल्या उंच माणसाकडे पाहिलं, "धूळ तेवढी स्वच्छ असू द्या."