काचमहालातील खाल्लेल्या पानांची हकीगत

ज्याने सुरवंटाला आधी भूक दिली आणि मागाहून पंख दिले, त्यास नमन करून लिहिणे ऐसे की, शके १८५०, विभवनाम संवत्सरी, मार्गशीर्ष मासी आमच्या राज्यात अपूर्व घडले. राणीसाहेबांनी काचमहाल उभारला होता, त्यात समुद्रापलीकडील झाडे लाविली होती आणि दूर बेटांवरची निळी फुलपाखरे खेळविली होती. असा महाल दाही दिशांत नव्हता. त्याची राखण ठकूबाई माळणीकडे. मग शेजारचे महाराज पाहावयास येणार ऐसी खबर आली, आणि दिवाण त्रिंबकपंतांनी आज्ञा केली, "भोक पडलेले एक पान दिसता कामा नये. अळ्या वेचून टाका." ठकूबाई म्हणाली, "पंत, याच अळ्यांची फुलपाखरं होतात." पंत म्हणाले, "तू मला राज्य चालवायला शिकवू नकोस." तेव्हा तिने अळ्या वेचिल्या, परंतु टाकिल्या नाहीत, डहाळ्यांसकट टोपलीत घालून घरी नेल्या. त्यांचे कोश झाले, ते तिने दोरीला बांधून चुलीच्या उबेला टांगले, आणि धूर नको म्हणून चुलीत निखारे तेवढे ठेवून फोडणी बंद केली. नवरा कोंडिबा म्हणाला, "बारा दिवस कोरडी भाकर. घर माझं की त्यांचं?" ती म्हणाली, "उडाली की तुमचंच."

इकडे महालातील जुनी फुलपाखरे आयुष्य सरून गळून गेली. पाने लखलखीत आणि उडणारे काही नाही. अशात महाराज पातले, चहूकडे पाहिले आणि वदले, "राणीसाहेब, फुलपाखरे वनवासास गेली काय?" राणीसाहेबांची मान कधी खाली गेली नव्हती, ती गेली. मग ठकूबाई दोरी घेऊन आली आणि तिने ती दोन झाडांमध्ये बांधिली. एक कोश तडकला, आतून ओले, चुरगळलेले काही निघाले. महाराज हसून वळले. ठकूबाई बोलिली, "उभं राहावं, महाराज. पंख वाळायचे आहेत." आणि महाराज दोन घटका उभे राहिले. मग निळे पंख उघडले, एकामागून एक चाळीस उडाली, आणि एक महाराजांच्या मंदिलावर बसले. ते उडू नये म्हणून महाराज मान न हलविता हळूच म्हणाले, "हे आमच्या मुलखात नाही." राणीसाहेबांची मान वर झाली.

पुढे महाराजांनी स्वतःचा काचमहाल बांधिला, पाने स्वच्छ राखिली. तेथे आता टोमॅटो होतात. त्रिंबकपंत अखेरपर्यंत पाहुण्यांस खाल्लेली पानेच आधी काठीने दाखवीत. कोंडिबास त्याच सांजेस फोडणीचे वरण मिळाले. ठकूबाईस महालाच्या किल्ल्या मिळाल्या, त्या ऐंशीव्या वर्षापर्यंत तिच्या कमरेला होत्या. सारांश, आमच्या राज्यात पानांना अजून भोके आहेत, आणि ती झाकण्याची चाल नाही.