हकीकत राणीसावरगावच्या रोलरची, अमावास्येच्या नारळासह

श्रीकृपेकरून सर्वत्रांस कळावे ऐसे जे, पूर्वी राज्ये तलवारीने बुडत, किल्ले सुरुंगाने उडत आणि सरदार भाऊबंदकीने जात. हल्ली दौलती बेअरिंगने बुडतात. काळच तैसा आला, त्यास इलाज नाही. हे जाणून प्रांत परभणी, परगणे गंगाखेड, मौजे राणीसावरगाव येथील डाळमिलीत जी थोर मोहीम जाहली तिची हकीकत सुज्ञांचे सेवेशी सादर केली आहे. यात पदरचे काही घातले नाही. घातले असल्यास चवीपुरते.

मौजे मजकुरी राजश्री उद्धवराव मिलवाले यांचा अंमल. त्यांची दौलत म्हणजे एक डाळमिल, आणि मिलीचे काळीज म्हणजे तुरीची साल उतरविणारा थोरला रोलर, आणि तो रोलर ज्याच्या जिवावर गरगर फिरे ते लोखंडी घरात बसलेले, वितीएवढे बेअरिंग. बेअरिंग अवचित फुटले तर रोलरचा दांडा जाई, आणि दांडा गेला तर भर हंगामात मिल बंद पडे, आणि मग दारी मोर्चे लावून उभ्या राहिलेल्या तुरीच्या गाड्या दुसऱ्याच्या मिलीस जाऊन मिळत. या बेअरिंगाची निगा राखण्यास मुंजाजी मिस्त्री नामे जुने मानकरी होते. त्यांची रीत ऐसी की, स्क्रूड्रायव्हरचे टोक लोखंडास आणि मूठ कानास लावून, डोळे मिटून, यंत्राचे आतील गाणे ऐकावे आणि निकाल द्यावा. निकाल बहुधा चांगलाच येई, कारण मिस्त्रींचा स्वभाव मुळात गोड.

ऐशा मुलुखात निवेदिताबाई देऊळगावकर यांनी स्वारी केली. बाई परभणीच्या एका शाळामास्तरांच्या कन्या, नांदेडास राहून संशोधन करीत. त्यांचे शास्त्र थोडक्यात हे की, यंत्र मोडण्यापूर्वी कुरकुरते, परंतु ती कुरकुर माणसास उशिरा ऐकू येते. मग काडीपेटीएवढी एक डबी लोहचुंबकाने यंत्रास चिकटवावी, ती यंत्राचा बारीकसारीक थरकाप टिपून मोबाइलावर धाडील, आणि संकट वेशीपाशी असतानाच नौबत वाजेल. विद्या उत्तम होती, परंतु गुरुवर्यांनी हुकूम फर्माविला होता की, एक तरी खरा बिघाड फुटण्यापूर्वी धरून दाखवावा, त्यावाचून प्रबंध दाखल होणार नाही. बाईंची सारी वर्षे त्या एका बिघाडावर टांगून राहिली होती. दुसऱ्याच्या घरी काहीतरी मोडावे म्हणून देव पाण्यात घालून बसावयाचे, हे मनास लागे. तरी बसणे भाग होते. उद्धवराव दिलदार, त्यांनी डबी लावण्यास रुकार दिला.

पुढे एके दिवशी सकाळी नांदेड मुक्कामी मोबाइल कर्कश ओरडला. बेअरिंगास भयंकर धक्का बसल्याची खबर. बाईंनी हातचा घास टाकिला, उद्धवरावांस मिल थांबविण्याविषयी फोन केला आणि तैसेच कूच केले. पूर्णा जंक्शनावर गाडीने दुसऱ्या गाडीस वाट देण्याकरिता ऐसा मुक्काम ठोकला की, तितक्यात पूर्वी एखादा गड पडला असता; मग गंगाखेडास उतरून, काळीपिवळीत बकरीशेजारी बसून बाई रणभूमीवर दाखल जाहल्या. रोलर उघडला. बेअरिंगाच्या गोळ्या आरशासारख्या लखलखीत! मुंजाजी मिस्त्री मिशीत हसले, आणि उद्धवरावांनी चहा मागविला. चहाबरोबर प्रसादाचे खोबरे आले, तेही बाईंनी खाल्ले. शत्रू पोटात गेला, तरी ओळख पटली नाही.

महिना लोटला, आणि पुन्हा तीच नौबत, पुन्हा तेच कूच. या खेपेस गावात शिरून पाहतात तो मिलीस कुलूप, रस्ते ओस, हाक द्यावी तर ओ देण्यास कोणी नाही. बाईंस वाटले, गाव उठले की काय! मग वेशीवरील एका म्हाताऱ्याने सांगितले की, आज येळवस, म्हणजे मार्गशीर्षातील वेळ अमावास्या, समस्त प्रजा शेतात भज्जी खाण्यास गेली आहे. बाई बांध तुडवीत उद्धवरावांच्या शेतात पोचल्या. तेथे कडब्याच्या कोपीपाशी पंगत बसलेली, आंबिलीचे मडके फुटभर अंतरावर, आणि मध्यभागी उद्धवरावांच्या मातुश्री धुरपताबाईसाहेब. या मातुश्री मिलीच्या खऱ्या धनी. उद्धवराव फक्त सही करीत. मातुश्रींनी बाईंस ओढून पंगतीत बसविले, पानात बाजरीचे उंडे वाढले, हाती खोबरे दिले आणि मोठ्या मायेने बोलल्या,

“खा लेकी. तुझ्या डबीवरच फोडलाय सकाळी. नवी चीज हाय, नजर लागू ने.”

घास हातीच राहिला. चौकशी करिता सर्व उलगडा जाहला. मातुश्रींच्या यजमानांनी मिल घातली तेव्हापासून दर अमावास्येस रोलरची पूजा होई, आणि नारळ त्या बेअरिंगाच्या लोखंडी घरावरच फुटे, कारण मिलीत तितका टणक कोपरा दुसरा नाही. डबी आल्यापासून मातुश्री नेम धरून डबीशेजारीच हाणीत. हे कोणी बाईंस कळविले नव्हते, कारण आपण श्वास घेतो हे कोणी कोणास कळवीत नाही.

मग शेतातच मसलत बसली. बाईंनी अर्ज केला की, नारळ दुसरीकडे फुटावा. मातुश्रींनी तो फेटाळिला. थोरल्यांनी घालून दिलेली जागा बदलणार नाही. उद्धवराव आईपुढे गप्प, परंतु बाईंस स्पष्ट सुनाविते जाहले,

“म्याडम, तुमच्या डबीला नारळ कळंना अन् नास बी कळंना. मंग ठिवायची कशाला? फुडच्या अमावास्येला काढून न्या.”

बाई नांदेडास परतल्या त्या हिरमुसून. परंतु विद्वानांची जात हिकमती. त्यांनी पंचांग उघडले, आणि साऱ्या अमावास्या संगणकास पढविल्या, आणि त्यास ताकीद दिली की, त्या दिवशी कितीही थरकाप आला तरी घाबरू नये, त्यास ‘नारळ’ ऐसे नाव द्यावे आणि नौबत वाजवू नये. पाश्चात्यांच्या साऱ्या विद्यापीठांत बेअरिंगास पंचांग लावणारे कोणी निघाले नसते. तो मान आपल्या प्रांताचा. बाईंस आपल्या युक्तीचे फार कौतुक वाटले. विद्वानांची चूक ही नेहमी अशीच नीटनेटकी असते, कोठे सुरकुती म्हणून नाही.

मग ती अखेरची अमावास्या उगवली. निवेदिताबाई डबी काढून नेण्यास जातीने आल्या. मिल जोरात चालू, कारण लातूरकडील व्यापाऱ्याचा ट्रक दाराशी उभा आणि त्याचा ड्रायव्हर घटकोघटकी हॉर्न वाजवून वेढा आवळीत होता. बाईंनी पिशवी उघडून ठेविली, आणि निरोपाची एक नजर म्हणून लॅपटॉप मांडीवर घेतला. इतके दिवस शहाण्या लेकरासारखी सरळ चालणारी रेघ एकाएकी उसळ्या मारू लागली, आणि पडद्यावर संगणकाने इमानेइतबारे अक्षरे उमटविली: नारळ. बाईंनी उसासा टाकिला. फुटला म्हणावयाचा, ऐसे म्हणून झाकण मिटले आणि डबी उपटण्यास हात पुढे केला.

तोच घराकडील दारातून मातुश्री धुरपताबाईसाहेब आल्या. हाती पूजेचे ताट, ताटात हळदकुंकू, आणि मधोमध शेंडीसकट अखंड, न फुटलेला नारळ.

बाईंनी झाकण पुन्हा उघडले. रेघ तैसीच नाचते आहे, आणि संगणक सुखाने लिहितो आहे: नारळ, नारळ, नारळ. तेव्हा बाई सारी अदब विसरून, मिलीच्या घडघडाटावर आवाज चढवून ओरडल्या, “काका, बंद करा! मिल बंद करा!”

एकच गलबला उडाला. उद्धवराव ट्रककडे पाहती, मग बाईंकडे पाहती, मग पडद्याकडे पाहून विचारिते जाहले की, यावर तर नारळ लिहिले आहे. बाईंनी कबूल केले की, लिहिले खरे, परंतु ते माझ्याच मूर्खपणाने. दोनदा खोटी ठरलेली माणसे तिसऱ्यांदा स्वतःसच मूर्ख म्हणू लागली तर त्यांच्यावर कोणी इतबार ठेवावा? तरी न्याय व्हावा म्हणून मुंजाजी मिस्त्रींस पाचारण केले. मिस्त्रींनी स्क्रूड्रायव्हर लाविला, डोळे मिटले, मान डोलाविली.

“लय ब्येस चालायलंय मालक. मोहरीवर फिरल्यागत फिरायलंय.”

उद्धवरावांनी चालू ठेवण्याचा हात केला. बाईंचे डोळे भरून आले; मिल जाईल याचे दुःख, आणि आपणच नौबतीचे तोंड बांधून ठेविले याचे त्याहून अधिक. साऱ्या मुलुखात त्यांच्या बाजूने एक साक्षीदार उरला नव्हता. ऐसे वाटत असता मातुश्री ताट घेऊन पुढे सरल्या आणि नारळ उचलून लेकाच्या नाकासमोर धरिला.

“आरं उद्धवा, नारळ फुटला म्हनायलंय ते. नारळ तर माझ्या हातात हाय की अजून!”

उद्धवराव थबकले.

“मी मारायच्या आदीच त्याला कोन मारायलंय आतून? कर बंद!”

मातुश्रींचा हुकूम सुटला तेथे ट्रक काय आणि व्यापारी काय! खटका पडला, पट्टा मंदावला, रोलर घरघरत थांबला, आणि मिलीत ऐसी शांतता जाहली की छपरावरील चिमण्या ऐकू आल्या. मग पान्हे चालले, बोल्ट निघाले, लोखंडी घर उघडले, आणि मुंजाजी मिस्त्रींनी आत हात घालून बेअरिंग बाहेर काढिले. गोळ्यांवर देवीच्या व्रणासारखे खड्डे, आतील कडे तडकून दोन ठिकाणी उघडे. दुपारपर्यंतही टिकले नसते. दांड्यावर मात्र ओरखडा नव्हता. मिस्त्रींनी तडकलेले कडे फिरवून फिरवून पाहिले, स्क्रूड्रायव्हर खिशात घातला आणि बाईंस वाकून मुजरा केला, म्हणाले, “म्याडम, माझा कान बी आता उतरलाच म्हना की.” त्यांस हसणे आले नाही, तेव्हा बाईच हसल्या, आणि मग सारी मिल हसली.

इतकी वर्षे त्या एकाच जागी नारळ हाणल्याने तर हे जाहले नसेल, ही शंका सर्वांचे मनी एकदमच आली. तोंडी कोणी आणिली नाही. मातुश्रींनी एकवार बेअरिंगाकडे पाहिले, एकवार यजमानांच्या भिंतीवरील तसबिरीकडे पाहिले, आणि मुकाट्याने बाहेर जाऊन नारळ उंबऱ्याच्या दगडावर फोडिला. येणेप्रमाणे तह जाहला, त्यास कलमे लागली नाहीत.

गंगाखेडाहून नवे बेअरिंग आले, दिवस मावळण्यापूर्वी रोलर फिरू लागला, आणि ट्रक भरून रवाना जाहला. नांदेडाहून गुरुवर्यांचा फोन आला की, तडकलेले बेअरिंग जतन करून आणावे, प्रबंध दाखल होईल. बाई ते जड लोखंड ओढणीत गुंडाळून लेकरासारखे उराशी धरून ओट्यावर बसल्या. परभणीस वडिलांस फोन केला आणि “बाबा, मोडलं!” एवढेच बोलून रडू लागल्या. मास्तर घाबरले, मग उलगडा होऊन तेही तिकडे रडले.

तेव्हा मातुश्री धुरपताबाईसाहेब भिंतीचा आधार घेत, कण्हत, शेजारी येऊन टेकल्या. लुगडे जरा वर सारून गुडघा पुढे केला.

“लेकी, हितं बी लाव की एक डबी. उठताना कटाकटा वाजायलंय.”

गुडघ्यास लोहचुंबक धरीना, म्हणून बाईंनी रुमालाने डबी बांधली, आणि मातुश्रींस हळूच उठून पुन्हा बसण्यास सांगितले. पडद्यावरील रेघ ऐसी उसळली, ऐसी उसळली की, उद्धवराव हातचा चहा ठेवून जवळ आले. रोलरसाठी त्यांनी दोनदा मिल थांबविली होती. ते खाली बसले, आईच्या गुडघ्यावर हात ठेविला आणि बारीक आवाजात बोलले,

“माय, आदी न्हाई का सांगायचं?”

“रोजच सांगायलेय की. तुझी मिल चालू असती नं.”

दुसरे दिवशी मिलीस कुलूप घालून उद्धवरावांनी मातुश्रींस गाडीत बसविले आणि परभणीच्या हाडवैद्याकडे कूच केले. निवेदिताबाई पुढील आसनावर, मांडीवर तडकलेले बेअरिंग. ऐसी ही फत्ते पौष वद्य अमावास्येस, दोन प्रहरांपूर्वी, मौजे राणीसावरगाव मुक्कामी जाहली. यंत्र वाचले, प्रबंध तरला, आणि एका लेकास आपल्या आईचा आवाज ऐकू आला. लिहिणाराने जैसे पाहिले तैसे दप्तरी दाखल केले आहे, पुढे कोणी तक्रार करील त्याने आधी आपल्या घरी विचारून यावे.