आधी सुपूर्द, मग श्रवणयंत्र

"आधी 'सुपूर्द'चं बटण दाबा बाई, मग पेटी उघडा." आमचे साहेब माणिकराव निवृत्त होताना एवढा एकच उपदेश मागे ठेवून गेले.

ज्या कामाची नोंद झाली ते काम झालं, हे सनातन सत्य आहे. आमच्या कचेरीत (तालुका सांगत नाही, जिल्हा परभणी, एवढं पुरे) गरजूंना कुबड्या, चष्मे, श्रवणयंत्रं मिळतात. अर्ज, तपासणी, मंजुरी, सुपूर्द. प्रत्येक पायरीला संगणकावर बटण. उशीर झाला की पडदा लाल होतो. लाल पडदा कुणाला बघवत नाही, म्हणून शेवटचं बटण आम्ही देवाचं नाव घेऊन सगळ्यांत आधी दाबतो. उपासाआधी उद्यापन उरकायची सोय देवाघरी नाही, इथे आहे.

यंदा पुण्याहून योगीराज नावाचे तज्ज्ञ आले. माणसांना काही विचारायचं नाही, बटणांच्या नोंदींवरून कामाचा खरा रस्ता नकाशात काढायचा, हे त्यांचं शास्त्र. (शास्त्र चांगलं आहे. आलेल्या वस्तू पडून असतात त्या कपाटाला मात्र बटण नाही.) नकाशात आमचं काम शेवटाकडून सुरुवातीकडे वाहत होतं. त्यांनी चहा घेतला आणि अहवालात लिहिलं: मधल्या पायऱ्या निरुपयोगी, गाळाव्यात. नागरिकांचं समाधान शंभर टक्के. (हे फोनवरून मोजतात. वस्तू मिळाली नसेल तर दोन दाबा; काहीच न दाबल्यास आपण समाधानी आहात.) श्रवणयंत्राच्या अर्जदारांइतके समाधानी लोक जिल्ह्यात दुसरे नाहीत.

त्यांतल्याच एक, बोरीच्या मालनबाई, परवा आल्या. "मागून टॅक्टर आला, मला कळलंच न्हाई. नातीनं वढलं म्हणून हाय. माझं कानाचं आलं का?"

कपाटाची किल्ली सांभाळणारे दत्तराव ओरडले, "माय, तुमाला यंत्र मिळालंय!"

"काय म्हणायलाव?"

"मिळालंय! तुमी समाधानी हायेत!"

"ऐकू येईना रे बाबा. यंत्र आलं की मग सांग."

मी हळूच म्हटलं, "भाऊ, कपाटात आहे ना, देऊन टाका की."

"कसं देऊ, ताई? एकदा दिलेली वस्तू पुन्हा दिली तर नकाशात घोळ व्हईल. अन् नोंदीपरमानं कपाट रिकामं हाय."

मी मालनबाईंचा हात धरला. बोट आधी त्यांच्या कानाकडे केलं, मग माझ्याकडे, मग बोरीच्या रस्त्याकडे. त्यांना कळलं. मान हलवून गेल्या.

आज सगळी कचेरी परभणीला सत्काराला गेली आहे: सर्वांत जलद कार्यालय म्हणून. माझी चतुर्थी, उपासाला खोटं चालत नाही, म्हणून मी मागे राहिले. दत्तराव किल्ली खिळ्याला अडकवून गेलेत. रिकाम्या कपाटातून काही नेलं तर ती चोरी होत नाही, हे मी नोंदीवरूनच ताडून पाहिलं.

वाचकांनी मालनबाईंची काळजी करू नये. वाचून तुम्हाला हळहळ वाटली ना? मग तुमच्याकडून काम झालं, असं समजा.

मी यंत्राचे सेल तपासले, ते पिशवीत ठेवलं, कपाटाला कुलूप लावलं आणि बोरीची गाडी धरायला निघाले.