तो वात आणि ती वात

थायरॉइडची गोळी उपाशीपोटी घ्यायची आणि पुढचा अर्धा तास चहाचं नाव काढायचं नाही, हा नियम ज्यानं कुणी केला त्याच्या घरी सासू नसावी. पौर्णिमाबाईंच्या घरी होती. सकाळी गोळी गिळून त्या पलंगाच्या काठावर बसत, बोटं आज उघडतात की नाही ते पाहत, आणि नेमक्या त्याच वेळी ऐंशीच्या घरातल्या गोदाबाई अंगणात सडा टाकून, तुळशीला पाणी घालून दारात हजर होत.

"चहा नाही झाला व अजून?"

"गोळी घेतली आई. थोडं थांबा लागते."

"गोळी तू घेतली. थांबू मी काहून?"

पौर्णिमाबाई भिंत धरून उठत. पहिल्या पावलाला गुडघे कुरकुरत, दुसऱ्याला पोटऱ्या, आणि चहाचं भांडं उचलायची वेळ आली की मनगट सरळ नाही म्हणे. थायरॉइड जुनाच होता. त्यानं वजन वाढवलं, केस नेले, दसऱ्यापासूनच स्वेटर घालायला लावला. पण यंदा पावसाळ्यापासून त्यानं सांध्यांत बिऱ्हाड केलं. गोंदियाचे डॉक्टर म्हणाले, ग्रंथी सुस्त आहे, त्यानंही स्नायू-सांधे दुखतात, डोस वाढवू, हळूहळू फरक पडेल. तहसिलीत बाबू असलेल्या त्यांच्या नवऱ्यानं, प्रेमलालनी, त्यातला एकच शब्द लक्षात ठेवला.

"ग्रंथी सुस्त आहे म्हणे," ते आल्यागेल्याला सांगत. "म्या म्हटलं, डॉक्टरसाहेब, ग्रंथीचं काय घेऊन बसले, पूर्ण बाईच सुस्त आहे!"

आलेगेले हसत. पौर्णिमाबाई चहा आणत. घरात त्यांच्या दुखण्याला नाही कुणी म्हणत नव्हतं. हौ कुणी म्हणत नव्हतं, एवढंच. गोळी चालू आहे ना, मग दुखते काहून, असा सगळ्यांचा हिशेब. एकदा, अगदी एकदाच, कुणीतरी मान वर करून म्हणावं, "हौ बाई, दुखत असंन." यापलीकडे त्यांना काही नको होतं. पण इतकी स्वस्त इच्छासुद्धा पुरी होईल असं त्या घरात काही दिसत नव्हतं.

अशात त्रिपुरी पौर्णिमा जवळ आली. वॉर्डातल्या महादेवाच्या मंदिरात त्या दिवशी लाख वाती जाळायचा महिला मंडळाचा नेम. अध्यक्ष विमलाबाईंनी दरवर्षीप्रमाणे घरोघर कापसाच्या पुड्या वाटल्या. पौर्णिमाबाईंच्या वाट्याची पुडी सगळ्यांत मोठी, कारण "तुह्या नावाचाच सण आहे, बाई!" पौर्णिमाबाईंनी पुडी उघडली, चिमूटभर कापूस घेतला, मांडीवर ठेवून वळायला गेल्या आणि अंगठ्यापासून खांद्यापर्यंत अशी कळ गेली की कापूस तसाच राहिला. मंडळाच्या ग्रुपवर नकार कळवायचा ठरला. टाईप करायला बोटं चालेनात म्हणून त्यांनी लेकीला हाक मारली.

"खुशी, लिही बरं. मले वात लय आहे. यंदा वाती दुसऱ्यांले द्या म्हणा."

खुशी मध्य प्रदेशातल्या बालाघाटात वाढलेली, कॉलेजात जाणारी. हिंदी तिची फर्राटेदार, इंग्रजी कामापुरती आणि मराठी जेवणापुरती. वात म्हणजे आजी देवापुढं लावते ती, एवढं तिला ठाऊक होतं. अंगात शिरतो तो वात तिच्या वयाला अजून भेटला नव्हता. तिनं एका अंगठ्यानं, दुसरीकडं बघत, लिहून टाकलं: "मम्मी के पास वात बहुत है। दूसरों को देना है।"

"भेज दिया मम्मी."

"काय म्हणाल्या व?"

"सबने हाथ जोड़े हैं."

पौर्णिमाबाईंना बरं वाटलं. बायकांना दुखणं कळतं, आपण उगाच मन कलुषित केलं, असंही मनात आलं.

दुपारी शेजारची अंजू स्टीलचा डबा घेऊन आली. "काकू, द्या बरं वाती. ग्रुपवर वाचलं अन् म्या माहा कापूस वापसच करून टाकला."

"अव, वाती कुठच्या? वात आहे मले."

"हौ ना, म्हणूनच त डबा आणला."

"अव पोरी, वात! हे पाहा, मूठ बी बंद होत नाही."

अंजूनं ती सुजलेली बोटं हातात घेतली आणि तिचे डोळे भरून आले. "कशी होईन काकू? इतक्या वाती वळल्यावर मूठ बंद होते का कोणाची?" ती वाकून पाया पडली आणि डबा ठेवून गेली. "मंग भरून ठेवजा," असं फाटकातून सांगायला विसरली नाही.

संध्याकाळपर्यंत ओसरीवर डब्यांची रांग लागली. पौर्णिमाबाईंनी खुशीला पुन्हा बसवलं. या वेळी त्यांनी एकेक शब्द तोलून सांगितला. "लिही, वाती नाहीत. वात आहे. आपल्या मनानं काही घालू नको."

खुशीनं मनानं काही घातलं नाही. "वाती नहीं हैं, वात है।" ध चा मा झाला की माणूस मरतो असं ऐकलं होतं, इथं अक्षर न् अक्षर बरोबर होतं आणि तरी घात झाला. ग्रुपवर कुणाच्या तरी डोक्यात उजेड पडला. वाती नाहीत, वात आहे! म्हणजे अनेक नाहीत, एकच आहे! एकच, पण भली मोठी!

दिवेलागणीला विमलाबाई स्वतः आल्या. माइक नसला तरी त्या माइकवर असल्यासारख्याच बोलत. "लाख धाग्यांची एकच वात! बालाघाटात आजवर कोणी केली नाही बाई! पौर्णिमे, तुहं डोकं म्हणजे काय डोकं आहे!"

"अव विमलाबाई, तो वात! ती वात नाही!"

"तो असो का ती असो, दिव्यात दोन्ही जळते. मले एवढंच सांग, दिवा केवढा आणू? पितळेची परात आणू का?"

पौर्णिमाबाईंनी तोंड उघडलं. पण दारातून गोदाबाईंचा आवाज आधी आला. "परातच आणा. माही सून लहानसहान काही करत नाही."

लग्न होऊन इतकी वर्षं झाली. गोदाबाईंच्या तोंडून "माही सून" हे शब्द पौर्णिमाबाईंनी पुष्कळदा ऐकले होते, पण दर वेळी त्यांच्यापुढं काहीतरी सांडलेलं किंवा करपलेलं असायचं. कौतुकानं ते आज पहिल्यांदा आले. त्या दोन शब्दांपुढं खरं सांगायचं राहूनच गेलं. विमलाबाई परात ठरवून, शाल आणि नारळ जाहीर करून निघून गेल्या.

त्या गेल्यावर पौर्णिमाबाईंनी सगळं सांगितलं. गोदाबाईंनी शांतपणे ऐकून घेतलं.

"म्हणजे वाती नाहीत?"

"नाहीत."

"एक बी नाही?"

"नाही आई. माहे हातच चालत नाहीत."

"अन् म्या कटंगीले फोन करून माहेरात सांगितलं त्याचं काय? भाची बसनं येऊन राह्यली पाहाले!" गोदाबाई उठल्या, कोपऱ्यातली जुनी गादी ओढली आणि तिची शिवण टराटरा उसवली. "प्रेमलाल! इकडे ये. बायकोचे हात चालत नाहीत म्हणे, तुहे त चालतेत?"

"चालतेत म्हणजे?" प्रेमलाल बाह्या सरसावून बसले. "यात काय आहे? बसल्या बसल्या होते. हिले निमित्त पाहिजे फक्त." त्यांनी गादीचा कापूस ओढला, मांडीवर घेतला आणि दोरखंड वळावा तसा वळायला लागले. थोडा वेळ बरा गेला. चांगला हातभर पिळा झाला. मग एकाएकी ते ओरडले.

"आई गं! गेला! खांदा गेला माहा! बोटं बी गेली!"

घरात एकच धावपळ उडाली. गोदाबाईंनी ओव्याची पुरचुंडी तव्यावर टाकली. खुशीनं मोबाईल ठेवला. तिनं मोबाईल ठेवलेला पौर्णिमाबाईंनी बऱ्याच दिवसांत पाहिला नव्हता. "पापा, बहुत दर्द हो रहा है क्या?" पौर्णिमाबाईंच्या उशाची बामची डबी आली आणि बोटानं खरवडून संपवली गेली. गरम पाण्याची पिशवी आली, तीही पौर्णिमाबाईंचीच.

"लय दुखत असंन रे लेकरा," गोदाबाई म्हणाल्या.

रोग रेड्याला आणि औषध पखालीला म्हणतात ते हेच. पौर्णिमाबाई दाराशी उभ्या राहून पाहत होत्या. जे वाक्य ऐकायला त्यांचे कान आसुसले होते ते त्यांच्या डोळ्यांदेखत दुसऱ्याला फुकट मिळालं. त्यांना रडू आलं. दुखण्यानं आलं की रागानं, ते त्यांनाही कळलं नाही. मग त्यांनी तो अर्धवट पिळा ओढून घेतला. बोटं वाकत नव्हती म्हणून दोन्ही तळव्यांत धरला आणि एकेक कळ सोसत, डोळे पुसत, राहिलेली वात वळत बसल्या. कुणी त्यांना थांबवलं नाही. सगळे शेकत होते.

त्रिपुरी पौर्णिमेला मंदिरात पाय ठेवायला जागा नव्हती. परातीत तेल, तेलात मनगटाएवढी जाड वात. पौर्णिमाबाईंना पुढं सतरंजीवर बसवलं. बसताना त्यांनी मनातल्या मनात महादेवाला विचारून घेतलं की उठवणार कोण. कटंगीची भाची फोटो काढत होती. प्रेमलाल गळ्यात हात बांधून पुरुषांच्या बाजूला उभे होते आणि जो तो त्यांची विचारपूस करत होता.

वात पेटली. गादीचा जुनाट कापूस तो. उजेड बोटभर पडला आणि धूर गाभारा भरून. बायका खोकायला लागल्या, पदरानं डोळे पुसायला लागल्या, आणि मागच्यांना वाटलं की पुढच्यांना गहिवरून आलं. त्या धुरातच विमलाबाईंनी शाल पांघरली आणि माइक पौर्णिमाबाईंच्या हातात दिला. "दोन शब्द बोल."

माइकसुद्धा जड होता. तो दोन्ही हातांनी धरून पौर्णिमाबाईंनी ठरवलं की आता पुरे. महादेवाच्या पुढ्यात खोटं बोलून वर शाल घ्यायची नाही.

"बायांनो, म्या काही लाख वाती केल्या नाहीत. मले वात आहे. अंगातला. थायरॉइड आहे, गोळी चालू आहे, तरी सगळे सांधे दुखतेत. सकाळी बोटं उघडत नाहीत. हात डोक्यावर जात नाही, वेणी घालता येत नाही. रोज दुखते. मले एवढंच सांगायचं होतं, अन् ते बी वाती वळणं जमत नाही म्हणून. ही वात अर्धी यायनं, खुशीच्या पापानं, केली अन् अर्धी म्या, रडत रडत."

त्या बोलत असताना कुणी मधे बोललं नाही, असं आयुष्यात पहिल्यांदाच घडलं होतं. धुरामागून सगळे चेहरे त्यांच्याकडंच बघत होते. अंजूनं तोंडावर हात ठेवला होता. आता कुणीतरी म्हणणार, अशी पौर्णिमाबाईंची खात्रीच झाली.

आणि विमलाबाई म्हणाल्या. माइक ओढून घेऊन, भरल्या गळ्यानं म्हणाल्या. "ऐकलं का बायांनो? दुखत असंन! लय दुखत असंन बिचारीले! बोटं उघडत नाहीत, हात वर जात नाही, अन् तरी बाईनं एवढी वात केली! अन् आपण? धडधाकट हातांच्या आपण, डबे घेऊन तिच्या दारात गेलो! म्हणून मंडळानं ठरवलं आहे, पुढच्या वर्षी दोन पराती! अन् दोन्हीचा मान पौर्णिमेचाच!"

टाळ्यांचा कडकडाट झाला. घंटा वाजल्या. प्रेमलालनी दुखऱ्या हाताकडं बोट दाखवून टाळ्या वाजवता येत नसल्याचं शेजाऱ्यांना सांगितलं. पौर्णिमाबाई शाल सावरत बसून राहिल्या, कारण उठता येत नव्हतं. आरती झाली, प्रसाद झाला, गर्दी पांगली, तेव्हा गोदाबाई आल्या आणि त्यांनी हात पुढं केला. सुनेला उठवताना त्या म्हाताऱ्या हातांना तिच्या मनगटाचा ताप लागला. त्यांनी एकदा तिच्याकडं पाहिलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी पौर्णिमाबाई गोळी गिळून पलंगाच्या काठावर बसल्या होत्या. दारात गोदाबाई आल्या. त्यांनी चहाचं विचारलं नाही. आत येऊन जवळ बसल्या.

"काय व, खरंच दुखते का तुले?"

पौर्णिमाबाईंना आधी ऐकण्यात चूक झाली असं वाटलं. "हौ, आई."

"कुठी?"

त्यांनी बोटं दाखवली, मनगट, खांदा, गुडघे. गोदाबाईंनी त्यांचा हात मांडीवर घेतला आणि एकेक बोट हलकेच दाबून सरळ केलं. पौर्णिमाबाईंच्या डोळ्यांतून पाणी घळाघळा वाहायला लागलं. इतक्या महिन्यांत कुणी हात लावून पाहिलं नव्हतं.

"लय दुखते ना व?"

"लय, आई."

"मले दिसून राह्यलं," गोदाबाई म्हणाल्या. त्यांनी सुनेचे डोळे आपल्या पदरानं पुसले. मग त्याच पदराखालून कापसाची मोठी पुडी काढून तिच्या मांडीवर ठेवली. "इतकं दुखते त हळूहळूच होईन तुह्यानं. पराती दोन आहेत. आजपासूनच बसा लागन. चहाले त अर्धा तास आहेच तुह्या."