खैरनारकाकांची दुसरी सही

खैरनारकाकांना मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा ते माझ्या स्कूटरखाली आडवे पडले होते. एका हातात टॉर्च, दुसऱ्या हातात दाढीचा आरसा. आम्ही सिडकोतल्या त्या गल्लीत राहायला येऊन जेमतेम दोन दिवस झाले होते. मी तावातावानं विचारलं, "कोण तुम्ही? काय चाललंय?" ते सावकाश बाहेर आले, लेंग्याची धूळ झटकली, खिशातून लाल कापडाची पट्टी काढली आणि माझ्या हँडलला बांधली.

"मागच्या ब्रेकची तार तुटायला आलीय. बदलल्याशिवाय पट्टी सोडायची नाही."

"पण गाडी चालतेय की."

"चालतेय म्हणजे तपासलीय असं नाही."

हे वाक्य गल्लीत सगळ्यांना पाठ होतं. काका ओझरच्या विमान कारखान्यात तीस वर्षं तपासनीस होते आणि निवृत्त झाले ते फक्त कारखान्यातून. गॅसच्या नळ्या, गच्चीचे कठडे, गणेश मंडळाच्या वायरी, सगळ्यांना लाल पट्ट्या. एकदा त्यांनी वरातीच्या घोड्याच्या खोगिराला पट्टी बांधली. वरात अर्धा तास खोळंबली, नवरदेवाच्या मामानं नको नको ते ऐकवलं. खोगिराचा पट्टा आतून कुजलेला निघाला. मामानं माफी मागितली नाही, हे मी अजून विसरलेले नाही. काका केव्हाच विसरले.

शिवाय त्यांचा एक सवाल असायचा, "सही कोणाची?" कारखान्यात एकाच्या सहीवर विमान उडत नसे. एकानं तपासायचं, दुसऱ्यानं तेच नव्यानं बघायचं, मग दुसरी सही. काकांचा यावर इतका विश्वास, की दुधवाल्यानं "दूध ताजंय" म्हटलं तरी ते शेजारणीला वास घ्यायला लावत.

मी तेव्हा रुग्णांच्या हक्कांसाठी पत्रकं काढत होते. त्यामुळे काकांची हकिगत कळली तेव्हा माझं डोकंच फिरलं. नोकरीत असताना चार वर्षं हा माणूस सकाळी घामानं भिजायचा, बरळायचा. एकदा कारखान्याच्या बसमध्ये त्यांनी शेजारी बसणाऱ्या मित्राला ओळखलं नाही. एका डॉक्टरनं फिटच्या गोळ्या दिल्या. दुसऱ्यानं त्यांच्या बायकोला, इंदूकाकूंना, बाजूला घेऊन विचारलं, "किती पितात?" काका आयुष्यात उसाच्या रसापुढं गेलेले नव्हते. अशा वेळी रक्तातली साखर किती आहे, हे चार वर्षांत कोणालाही बघावंसं वाटलं नाही.

काकू सटाण्याकडच्या, चौथी शिकलेल्या. त्यांनीच डॉक्टरला सुनावलं, "उपाशीपोटी व्हतं. गोड चहा पाजला का उतरतं. दारू असती तर चहानं उतरली असती का?"

त्या वाक्यावर पुढच्या तपासण्या झाल्या. स्वादुपिंडाच्या शेपटाकडं बोराएवढी गाठ निघाली. ती वेळीअवेळी इन्सुलिन ओतायची आणि साखर तळाला जायची. मुंबईला ऑपरेशन झालं, गाठीबरोबर स्वादुपिंडाचा तुकडाही काढला. डॉक्टरांनी बजावलं, गाठ गरीब दिसतेय, पण ही जात कित्येक वर्षांनी परत उगवू शकते, बहुधा यकृतात. तेव्हा दरवर्षी रक्त आणि स्कॅन. शिवाय तुकडा गेलाय, म्हणून आता साखर चढते का, तेही बघायचं.

दुसरा कोणी हबकला असता. काका खूश झाले. मला सांगायचे, "इतकी वर्षं विमानं तपासली, आता स्वतःला तपासायचं. कळणारं काम आहे ना."

हे सगळं छापायचं मी ठरवलं आणि मसुदा काकांना दाखवला. त्यांनी लाल पेन्सिल घेतली.

"'निर्लज्ज' दोनदा आलाय. 'अक्षम्य' काढ. कोणत्या महिन्यात काय झालं ते लिही."

"तुम्हाला राग येत नाही?"

"येतो की. पण पत्रकवाली, रागाखाली पुरावा लाव. नाहीतर तुझ्या पत्रकालाच पट्टी बांधीन."

पुरावा म्हणून त्यांनी स्वतःची नोंदवही काढून दिली. ऑपरेशननंतरची प्रत्येक तपासणी तीत मोत्यासारख्या अक्षरात होती. साखर, इन्सुलिन, वजन, स्कॅनमध्ये यकृत कसं दिसलं, सगळं. खाली त्यांची सही. आणि शेजारी, दुसऱ्या सहीच्या रकान्यात, वाकड्यातिकड्या अक्षरात, दरवर्षी तेच: बरं शे. इंदू.

काकूंच्या बोलीत शे म्हणजे आहे. अशा सात नोंदी होत्या. पुढची पानं कोरी.

काकू जाऊन दोन वर्षं झाली होती. आम्ही राहायला आलो त्याच्या आधीच त्या हृदयविकारानं गेल्या.

"काका, दोन वर्षं तपासणीच नाही?"

"राहिली."

"राहिली म्हणजे?"

"चाललंय की," काका म्हणाले.

दुसऱ्या कोणी हे म्हटलं असतं तर काकांनी त्याला अर्धा तास झाडलं असतं. मी उठले. त्यांच्याच ट्रंकेतून लाल पट्टी घेतली आणि त्यांच्या मनगटाला बांधली. ते पट्टीकडं बघत बसले. मग म्हणाले, "नियमानं बांधलीस. आता सही झाल्याशिवाय सोडता यायची नाही." दुसऱ्या दिवशी आम्ही दवाखान्यात गेलो. नर्सनं विचारलं, "हे काय बांधलंय आजोबा?" काकांनी सांगितलं, "तपासणी बाकी आहे."

स्कॅन स्वच्छ आला. पण अशा गाठींचा माग काढणारी एक रक्ताची चाचणी असते. तिचा नमुना मुंबईला गेला होता, आणि तिचा आकडा आला असायला हवा त्याच्या दुपटीच्या वर. मी तो आकडा दोनदा वाचला. काका डॉक्टरांसमोर ताठ बसून होते. फक्त पट्टीचं टोक बोटानं पिळत होते.

डॉक्टरांनी विचारलं, "कुठलं औषध चालू आहे?"

"काही नाही."

मी म्हटलं, "काका, जेवण झाल्यावर रोज ती कॅप्सूल घेता ती?"

"ते औषध नाही. लोक बडीशेप खातात, तसं आहे ते."

हळूहळू सगळं बाहेर आलं. काकू गेल्यापासून घरात चूल नाही. दुपारी कोपऱ्यावरची मिसळ, संध्याकाळी भेळभत्ता आणि चहा. पोटात आग पडायची म्हणून दुकानदारानं सुचवलेली ॲसिडिटीची कॅप्सूल, दीड वर्षं, रोज. डॉक्टर हसले. म्हणाले, त्या कॅप्सूलनंसुद्धा हा आकडा फुगतो. ती बंद करा, नीट जेवा, तीन आठवड्यांनी पुन्हा रक्त द्या. खरं काय ते तेव्हा कळेल.

घोड्याचं खोगीर उलटून बघणाऱ्या माणसानं रोज तोंडात टाकायच्या गोळीची नोंद केली नव्हती. वर ती गोळी चिठ्ठीशिवाय दीड वर्षं विकणाऱ्या दुकानदारावर माझं एक पत्रक बाकीच आहे.

ते तीन आठवडे काका आमच्याकडं जेवले. आईनं पानात भाकरी आणि दुधीभोपळा वाढला की निमूट खायचे. कुकरच्या रिंगबद्दलही काही बोलले नाहीत. गल्लीत एक नवी पट्टी दिसली नाही. लोकांना सुटल्यासारखं वाटायला हवं होतं, पण झालं उलटंच. आठवड्याभरात समोरचे पगार आडनावाचे शेजारी दारात येऊन उभे राहिले. "काका, आमची गॅसची नळी जरा बघता का? उगाच शंका येतीये." नळी नवी कोरी होती. काकांनी तरी दहा मिनिटं बघितली.

दुसरा रिपोर्ट आला. आकडा उतरून जागेवर आला होता.

काकांनी त्याच संध्याकाळी वही उघडली, सगळे आकडे लिहिले आणि खाली जोडलं: 'कॅप्सूलची नोंद राहिली. चूक तपासनिसाची.' सही केली आणि वही माझ्यापुढं सरकवली. मी रिपोर्ट उचलून आकडे ताडून बघू लागले.

"ते ठेव खाली," काका म्हणाले. "कागद मलाही वाचता येतो. इंदू कागद बघायचीच नाही. मला समोर बसवायची, चेहरा बघायची आणि मग लिहायची."

त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला, हात गुडघ्यांवर घेतले आणि फोटोला बसावं तसे बसले. मी पाहिलं. गालफडं जरा भरली होती. डोळ्यांखालचं काळं कमी झालं होतं. नजर मात्र परीक्षेला बसल्यासारखी. मी लिहायला लागले की चार पानं कमी पडतात. त्या दिवशी पेन उचललं, 'बरं शे' एवढंच लिहिलं आणि सही केली.

काकांनी चष्मा लावला. वही लांब धरून वाचली, मग जवळ धरून वाचली.

"शर्टाचं वरचं बटण तुटलंय माझं," ते म्हणाले. "इंदूच्या नजरेतून सुटलं नसतं."

"पुढच्या वर्षी बघीन."

"बघ," ते म्हणाले, आणि पट्टी सोडायला हात पुढं केला.